घराला एक चिठ्ठी

मला भांडायची खोड होती, आणि ती खोड म्हणजे गुणच आहे असं वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत मला अगदी मनापासून वाटत होतं. आमच्या घरात तसंही साधं बोलायचं म्हटलं तरी ओरडावं लागे. घराच्या पुढच्या अंगाला आमचं मिरची-कांडप होतं. लोखंडी मुसळं वर जायची आणि दाणदिशी खाली यायची, शिमग्यापासून वळवाच्या पावसापर्यंत दिवसभर. त्या आवाजात "अव्वा, च्या ठेव" एवढं सांगायचं तरी पोटातून हाक काढावी लागायची. पुढं लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "अगं, मी बहिरी नाही." उन्हाळ्यात चार पेठांतल्या बायका आमच्या पायरीवर नंबर लावून बसत. भाजलेल्या मिरच्या, तळलेला कांदा, खोबरं, तीळ, धने, सोललेला लसूण, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीचं म्हणणं की बाकीच्यांना चटणी करता येत नाही. घरातल्या कुणाला मिरचीनं शिंक येत नसे. अव्वा म्हणायची, "शिंकला त्यो पावणा." रात्री अंथरुणाला टेकलं तरी उशीला लसणाचा वास असायचा.

अव्वा म्हणजे माझी आई. आम्ही लिंगायत, आजोळ सीमेपलीकडचं, त्यामुळं घरात आईला अव्वा आणि वडलांना आप्पा. लाडानं बोलायचं ते कानडीत आणि भांडायचं ते कोल्हापुरी मराठीत, अशी वाटणीच होती. आमच्याकडं बायकाही "मी येतो, मी जातो" असंच म्हणतात. पुण्यात मला त्यावरूनही हसले. असो.

आप्पा बारीक अंगाचे, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि बोलणं अगदी कमी. मिरचीच्या धंद्यात आयुष्य गेलं तरी धोतरावर लाल डाग मी कधी पाहिला नाही. गल्लीचे तीन पंच होते, त्यातले थोरले आप्पा. दर सोमवारी संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर तिघं बसत आणि गल्लीचं काय असेल ते ठरवत. कुणाची मोरी कुणाच्या दारात वाहते, वरात कुठून वळवायची, कुणाची पोरगी कुठं दिली तर चालेल. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. आप्पांच्या आधी त्या जागी त्यांचे वडील बसत आणि आप्पांच्या नंतर माझा भाऊ बसणार, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. माझं नाव तिथं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझी अर्धी तळमळ त्याचीच होती. तेव्हा मी तिला तत्त्व म्हणत असे.

पंचांचा सगळा जोर एका हंड्यात होता. मार्गशीर्षात आमच्याकडं आंबिलीचा सण असतो. ज्वारीच्या पिठाची आंबट-ताकाची आंबील, बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात. आमच्या गल्लीची रीत अशी, की प्रत्येक घरानं आपली आंबील देवळापुढच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात आणून द्यायची, पंचांनी ती आपल्या हातानं ओतायची, वगराळ्यानं ढवळायची, आणि मग तीच सगळ्या गल्लीनं प्यायची. चाळीस घरांची चाळीस चवीची आंबील, आणि एकत्र झाली की तिला जी चव यायची ती मला पुन्हा कुठं मिळाली नाही. पण ज्या घराची आंबील पंचांनी ओतली नाही, ते घर गल्लीत राहूनही गल्लीचं नाही. त्यांच्या लग्नाला कुणी जाणार नाही, मयताला खांदा देणार नाही. तोंडानं कुणी काही म्हणत नसे. भांडं नुसतं देवळाच्या पायरीवर तसंच राहायचं.

हे मोडायचं, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे कॉलेजात शिकणारी गल्लीतली पाचसहा पोरं-पोरी, आणि पुढं विलास. विलास पलीकडच्या सुताराच्या घरातला, वकिलीला होता, बोलायला लागला की थांबायचा नाही. "माणसाला हाकायला माणूस कशाला पायजे? ढोरं हाय काय आपण?" हे त्याचं वाक्य. आम्हाला पंच नको होते आणि त्यांच्या जागी नवा पुढारीही नको होता. गल्लीनं एकत्र बसावं, बोलावं, हात वर करावा नाहीतर चिठ्ठी टाकावी, आणि जे ठरेल ते सगळ्यांनी पाळावं. हसू नका, आम्ही करून दाखवलंही होतं. नळाच्या पाळ्या त्या वर्षी आम्ही गल्लीला एकत्र बसवून ठरवल्या आणि नळावरची भांडणं बंद झाली. रोज पहाटे घागरी आपटणाऱ्या बायका आपापल्या वेळेला येऊन गुमान पाणी भरून जाऊ लागल्या. मी ते बघत दारात उभी राहायची आणि मला वाटायचं, झालं, जमलं, आता सगळं असंच जमणार.

त्याच उन्हाळ्यात महादेवी परत आली. महादेवी आमच्या समोरच्या घरातली, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिचे वडील गुळाच्या अडतीत दिवाणजी, आई गंगव्वा मावशी. बालवाडीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. बारावीनंतर ती दुसऱ्या जातीतल्या एका रिक्षावाल्याबरोबर निघून गेली आणि इचलकरंजीत संसार थाटला. तेव्हा पंचांनी तिच्या वडलांना कट्ट्यावर बोलावून विचारलं होतं, पोरगी सोडताय का आंबील सोडताय? वडलांनी पोरगी सोडली. विचारणाऱ्यांत माझे आप्पा होते. पाच वर्षांनी तिचा नवरा काविळीनं गेला, सासरच्यांनी दोन महिन्यांत बाहेर काढलं, आणि चार वर्षांच्या रेणूचा हात धरून ती भर दुपारी आमच्या कांडपासमोरून चालत आली. पायरीवरच्या बायका माना वळवून बघत राहिल्या. गंगव्वा मावशीनं दार उघडलं, दोघींना आत घेतलं आणि दार लावून घेतलं.

वडलांनी तिला हाकललं नाही, पण दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. "आंबिलीपतुर ऱ्हा. गल्लीनं आंबील घेतली तर हे घर तुझंच. न्हाई घेतली तर माझा नाइलाज हाय." महादेवीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं होतं. आंबील पायरीवर राहिली असती तर ते मोडलं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. म्हणजे महादेवीला त्या घरात जागा मिळणार की नाही, ते मार्गशीर्षात ठरणार होतं. तोवर ती मागच्या खोलीत राहायची, पोरीला घेऊन, आणि दिवसा सहसा बाहेर यायची नाही.

आमच्या पायरीवर मात्र रोज तीच चर्चा. "लेकरू बघा की वो कसं वाळलंय." "आपल्या पोरीवर आली आसती तर?" "आणि नवरा तर गेला, आता कसली जात न् काय." त्यातली एक म्हातारी, जिचं तोंड फार वाईट म्हणून प्रसिद्ध, तीसुद्धा म्हणाली, "व्हय बाई, घ्यावं तिला." मी मिरचीची पिशवी हातात घेऊन ऐकत होते आणि मनातल्या मनात घरं मोजत होते. हे घर आपलं, हे आपलं, हेही आपलं. एकदा आप्पांनी मला तशी मोजताना पाहिलं असावं, कारण ते थोडे हसल्यासारखे झाले.

दिवाळी झाली. कांडप बंद होतं, आप्पा मुसळांना तेल देत बसले होते. मला म्हणाले, "इंदे, गंगव्वाला सांग, आंबील गुमान घेऊन ये म्हणावं. मी वततो. माझ्याम्होरं कोण बोलतंय बघू."

मी आजही ते वाक्य कानात ऐकते. माणूस आपल्या आयुष्यात किती कमी वेळा असं बोलतो! पाच वर्षांपूर्वी आपण केलं ते चुकलं, एवढं सगळं त्या चार शब्दांत होतं आणि ते ओळखायची अक्कल मला नव्हती. मला फक्त एवढंच ऐकू आलं, की पुन्हा हेच ठरवणार. मी फणकारून म्हणाले, "म्हंजे तुमच्या मेहेरबानीवर ऱ्हायचं व्हय तिनं? उद्या दादा बसंल कट्ट्यावर, त्येला न्हाई पटलं तर? त्ये काय न्हाई, गल्ली ठरवंल." आप्पांनी तेलाचा चिंधा खाली ठेवला. "गल्ली म्हंजे कोण ग?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "आम्ही सगळे." त्यावर ते "बरं" एवढंच म्हणाले आणि पुन्हा तेल देऊ लागले.

त्या सोमवारी आम्ही कट्ट्यावर गेलो. विलास बोलला, मी बोलले. मी तर फारच बोलले. सगळ्या गल्लीदेखत बापाला म्हणाले, तुम्हाला कुणी निवडलंय? कुणीतरी "ए पोरी" म्हणून खेकसलं. आप्पा उठले, धोतर झटकलं, म्हणाले, "पोरगी खोटं न्हाई बोलत. चालवा तुमचं तुम्ही," आणि चप्पल घालून घरी निघाले. त्यांच्या मागोमाग उरलेले दोघंही उठले. इतकं सोपं असेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी घरी आले तेव्हा आप्पा जेवत होते आणि अव्वा त्यांना भाकरी वाढत होती, दोघंही माझ्याकडं बघत नव्हते.

आता खरी चूक सांगते. महादेवीच्या घरची आंबील घ्यावी की नको, यावर चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या, पण कुणी टाकायच्या यावर बैठक अडली. आम्ही म्हणालो, अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनी, बायका धरून. गल्लीतली मोठी माणसं म्हणाली, घरात नवरा एक आणि बायको एक म्हणायला लागली तर घरं मोडतील. घराला एक चिठ्ठी, नाहीतर आम्ही येत नाही. विलासनं मला बाजूला घेतलं. "इंदू, आधी पाय तर आत घालू. बायकांचं फुडच्या साली बघू. तूच म्हंतीस न्हवं, घरं आपल्या बाजूला हाईत?" मी मोजलेली घरं पुन्हा एकदा मोजली आणि हो म्हणाले. मी, जी उठसूट बायकांच्या नावानं भांडायची, ती हो म्हणाले. पायरीवर बसून जे बोललं जात होतं ते त्या बायकांचं बोलणं होतं आणि चिठ्ठी लिहिणार होते त्यांचे नवरे, हे मला दिसलंच नाही. असं कसं दिसलं नाही म्हणून मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय, की आता तो प्रश्नही झिजून गेला.

त्याच संध्याकाळी पळत जाऊन मी महादेवीला सांगितलं. ती मागच्या खोलीत रेणूच्या केसांतला गुंता काढत होती. मी सांगत सुटले, आता पंच नाहीत, आता चिठ्ठ्या, सगळ्या गल्लीसमोर तुला मानानं घ्यायचं, कुणाच्या उपकारानं नाही. ती म्हणाली, "इंदे, ऐक की जरा..." मी म्हणाले, "तू काय बोलू नकोस. तू नुसती बघ. मी हाय की!" ती पुन्हा फणी फिरवायला लागली. रेणू "आई, दुखतंय" म्हणून ओरडली, आणि मी तशीच विलासकडं पळाले, कागद कापायचे होते.

आंबिलीच्या आधीचा रविवार. देवळात टेबल मांडलं, त्यावर एक रिकामा तेलाचा डबा, झाकणाला फट पाडलेली. यादी माझ्या हातात. गडीमाणसं एकेक येत होती, कोपऱ्यात जाऊन लिहीत होती, चिठ्ठी घडी करून टाकत होती. बायका समोरच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. अव्वा नवं लुगडं नेसून आली होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मीबी टाकू काय ग चिठ्ठी?" मी म्हणाले, "अव्वा, यंदा घराला एकच हाय." ती हसली. "म्हंजे पयल्यासारखंच की," म्हणाली, आणि पदर सावरत पुन्हा भिंतीकडं गेली. मला राग आला तिचा. एवढ्या मोठ्या दिवशी हिला टोमणा सुचतो म्हणून.

मोजायला बसलो. "घ्यावी" म्हणणाऱ्या चिठ्ठ्या मोजायला दोन हातांची बोटं पुरली. बाकी सगळ्या "नको". एकीवर तर "पायंडा पडेल" असंही लिहिलं होतं. एक "घ्यावी" आप्पांच्या अक्षरात होती, ते वळणदार जुनं अक्षर मी कुठंही ओळखलं असतं. विलासच्या घरची चिठ्ठी त्याच्या वडलांनी टाकली होती. काय लिहिलं ते मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. निकाल वाचायचं काम माझ्याकडं होतं. मी वाचला. भिंतीकडच्या बायकांतून एक सुस्कारा आला आणि कुणीतरी म्हणालं, "आता गल्लीनंच ठरवलं म्हणल्यावर काय बोलायचं?" पंचांनी ठरवलं असतं तर त्याच बायकांनी घरोघरी पंचांच्या नावानं बोटं मोडली असती, चार दिवसांनी कुणी चोरून ताटलीभर भाजी नेऊन दिली असती. आता शिव्या घालायला कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांनी मिळून केलेलं होतं.

मी घरी जाऊन आप्पांचे पाय धरले. खरोखर धरले. "तुम्ही वता आप्पा. तुम्ही म्हणलावता की. तुमच्याम्होरं कोण बोलणार न्हाई." आप्पांनी मला उठवलं. त्यांचे डोळे भरले होते, रागानं नव्हे. "परवा-तेरवापतुर वतलं आसतं बाळ," ते म्हणाले. "आता चाळीस घरांनी लिहून दिलंय. त्यावर मी वगराळं उचललं, तर लोक म्हणतील, पोरीची चिठ्ठी बापापुरतीच. तुझं कायमचं मोडंल. आणि माझं तर तू मोडलंसच की." त्यात टोचणी नव्हती. जे झालं ते ते सांगत होते. अव्वानं मला पाणी आणून दिलं.

मंगळवारी सकाळी महादेवी गेली. कबनूरला कुणाच्या तरी ओळखीनं मागाच्या शेडमध्ये कांड्या भरायचं काम मिळालं होतं, एक खोलीही. मी तिला निरोप द्यायला गेले नाही. त्या दिवशी कांडपाला गिऱ्हाईक नव्हतं, मिरचीचे दिवसच नव्हते, तरी मी बटण दाबून मुसळं चालू केली आणि आत बसून राहिले. रिकाम्या उखळात लोखंडावर लोखंड पडत होतं. आप्पा धावत येऊन "मोडशील की ग" म्हणून ओरडले असते, पण ते आले नाहीत. बऱ्याच वेळानं अव्वानं येऊन बटण बंद केलं. "गेली," म्हणाली.

पुढं जे झालं त्याचं श्रेय लोक मला देतात. दोन वर्षांनी बायकांची मतं धरायला लागले. नंतर नळ, गटारी, गणपती, सगळंच तसं चालायला लागलं, आणि आंबिलीचं भांडं पायरीवर ठेवायची रीत आपोआप गळून पडली. मध्ये गल्लीनं बोलावून माझा सत्कारही केला. शाल, नारळ. ज्या रीतीला मी तेव्हा शिव्या घालत होते ती वाईटच होती, हे मी आजही म्हणते. माणसांनी आपलं आपण ठरवावं, हेही आजही म्हणते. पण शाल खांद्यावर पडली तेव्हा मला समोरचं बंद दार दिसत होतं, आणि भाषणात मी काय बोलले ते मला आठवत नाही.

कबनूरला जायला मला चौदा वर्षं लागली. आप्पा गेल्यानंतर गेले. महादेवी खोलीच्या दारातच भेटली, केस पांढरे झालेले, केसांत सुताची बारीक पिंजण. मला बघून हरखली. "आगं बया, इंदी!" म्हणून आत नेलं, चहा केला, रेणूची बारावीची मार्कं सांगितली. पलीकडच्या शेडमधून मागांचा आवाज येत होता आणि आम्ही दोघीही सवयीनं मोठ्यानं बोलत होतो. मी पाठ करून आणलेलं बोलून टाकलं. चुकलं माझं, बायकांची मतं धरायला हवी होती, मी तेव्हा अडून बसायला हवं होतं, आता गल्लीत सगळं बदललंय.

"त्ये न्हवं ग," महादेवी म्हणाली.

"मग?"

"दिवाळीनंतर आप्पा सोता आमच्या दारात आलते. आईला म्हणाले, पोरगी माझी ऐकत न्हाई, पर तुम्ही आंबील घेऊन या, मी वततो. मी आतनं ऐकलं. त्या रातीला मला लई दिसांनी झोप लागली. तू आलीस तवा त्येच सांगाय लागलोतो तुला, की बाई, मला उपकारच चालंल. लेकराला घेऊन कुठं जाऊ मी मानापायी?" आवाजात राग नव्हता, जुनं काही आठवून सांगावं तसं सांगत होती. "साऱ्या गल्लीला इचारलंस इंदे. मला तेवढं इचारायचं ऱ्हायलं बघ तुझं."

मी म्हणाले, "आता इचारतो."

ती हसली, कपबशा उचलल्या. "आता इचारून काय करतीस? भोंगा झाला, पाळीला जातो मी. तू बस निवांत, दार नुसतं वढून घे जाताना."